काचेला घसारा नाही

ताडपत्रीविना खडी वाहणाऱ्या डंपरांविषयी या सदरातून वारंवार होणाऱ्या कटकटीला वाचक कंटाळले असतील, पण डंपर कंटाळलेले नाहीत. परवा चंदनापुरी घाटात अशाच एका डंपरमधून उडालेल्या खड्याने आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीची पुढली काच तडकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याचा एजंट सोसायटीच्या जिन्यात उभा राहून मोठ्या औदार्याने उद्गारला, "काका, निर्धास्त राहा, काचेला घसारा नाही, पूर्ण पैसे मिळतात."

विधान अक्षरशः खरे आहे. रबर व प्लॅस्टिक यांच्या किमतीतून ५० टक्के, फायबरग्लासमधून ३० टक्के आणि धातूच्या भागांतून गाडीच्या वयोमानाप्रमाणे कपात करणारे विमापत्र काचेला मात्र चिरतारुण्य बहाल करते. त्याच काचेला कवटाळून बसलेली रबराची पट्टी पहिल्या दिवसापासूनच अर्ध्या किमतीची ठरते, हा भाग अलाहिदा.

परंतु या शून्याकडे बोट दाखवणाऱ्या एजंटाने दुसऱ्या शून्याविषयी मौन पाळले. सलग पाच वर्षे दावा न केल्यामुळे शेजाऱ्यांना गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि तो एका दाव्यासरशी शून्यावर येतो. हिशेबापुरता मूळ हप्ता दरसाल १०,००० रुपये कायम धरला, तर पहिल्या वर्षी ५,००० रुपयांची सवलत बुडते, आणि पुढे २०, २५, ३५, ४५ टक्के अशा पायऱ्या चढत ती पूर्ववत होईपर्यंत अनुक्रमे ३,०००, २,५००, १,५०० व ५०० रुपये जातात, एकंदर १२,५००. काच ८,००० रुपयांची. त्यातून सक्तीने स्वतः सोसावयाचे १,००० वजा जाता पदरात पडणार ७,०००. सात हजार देऊन साडेबारा हजार वसूल करण्याचा हा व्यवहार एखाद्या सावकाराने केला असता, तर त्याच्याविरुद्ध तक्रार-अर्ज गेले असते. कॅमेरा व सेन्सर बसवलेल्या महागड्या काचेची गोष्ट निराळी; तेथे दावा करण्यातच शहाणपण आहे.

शेजाऱ्यांनी स्वखर्चाने काच बसवली. जुन्या काचेबरोबर फास्टॅग गेला, तोही नवा घेतला. आता एजंटाचा आग्रह असा, की नूतनीकरणाच्या वेळी बोनस सुरक्षित ठेवणारे पुरवणी कलम घ्यावे, ज्याचा हप्ता अर्थातच वेगळा, आणि काचेची चिंता कायमची मिटावी म्हणून 'झिरो डेप'ही घ्यावे. ज्या काचेला मुळात घसाराच नाही तिचा घसारा माफ कसा होणार, हे विचारण्याचे शेजाऱ्यांनी सौजन्यापोटी टाळले.