पोरांकडून दहा युरो, घरमालकाला मोकळं रान

आपल्या तालुक्यांतून जर्मनी-इटलीला शिकायला गेलेली पोरं आता बोटावर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. शुक्रवारी रात्री दहा-पंधरा जणांचा घोळका म्युनिकहून बस पकडतो, शनिवारी सकाळी व्हेनिसला उतरतो आणि रविवारी रात्री परत. फोटो गावात पोचले की ठरलेली कुजबुज सुरू होते, "कर्ज काढून शिकायला पाठवलं आणि हे होडीत बसून फिरतायत."

होडीचं आधी सांगतो. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. पोरं त्यात बसत नाहीत. दोन युरो देऊन ग्रँड कॅनॉल ओलांडणारी तर असते, तिथं 'त्राघेत्तो' म्हणतात, तिच्यात उभं राहून फोटो काढतात. बाकी सगळं पायी. त्या शहरात चाकाची गाडी शिरतच नाही, १८४६ चा रेल्वेपूल आणि १९३३ चा रस्त्याचा पूल बेटाच्या कडेला आणून सोडतात.

पण दुसरा एक आरोप आहे आणि तो जास्त गंभीर आहे. अशा एक-दोन दिवसांच्या गर्दीनेच व्हेनिस मेलं, असं म्हणतात. म्हणूनच २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क लागलं. पहिल्या वर्षी २९ दिवस, पाच युरो. २०२५ मध्ये ५४ दिवस, आणि आयत्या वेळी नोंदणी केली तर दहा युरो. हे दिवस मुख्यतः शुक्रवार ते रविवारचे. आता शनिवार-रविवारी कोण येतं? कॉलेजचं पोरगं आणि नोकरदार माणूस. आणि आयत्या वेळी कोण ठरवतं? तेही पोरगंच.

शुल्क असूच नये असं माझं म्हणणं नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर आपण पावती फाडतोच. २०२४ मध्ये व्हेनिसला त्या २९ दिवसांत सुमारे २४ लाख युरो मिळाले. गर्दी मात्र हटली नाही, हे तिथलेच लोक सांगत होते. पाच युरोसाठी कोण माघारी फिरतो हो?

खरं दुखणं वेगळं आहे. १९५१ मध्ये जुन्या व्हेनिसात पावणेदोन लाख माणसं राहायची. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी आहे, तो उतरत चाललाय. २०२३ मध्ये तर पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. घरमालकाचा हिशोब सरळ आहे. वर्षाच्या भाडेकरूपेक्षा रोजचा पाहुणा परवडतो.

यात सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं, तर तिथंच शिकणारा विद्यार्थी. का' फोस्कारी हे १८६८ पासूनचं विद्यापीठ, शिवाय वास्तुशास्त्राचं वेगळं विद्यापीठ. इथल्या विद्यार्थ्यांना शुल्क माफ आहे, पण खोली मिळत नाही. मग कित्येक जण पुलापलीकडे मेस्त्रेत राहतात आणि रोज ये-जा करतात. म्हणजे दोन रात्री राहणाऱ्याला खाट आहे आणि तीन वर्षं राहून शिकणाऱ्याला नाही.

यावर उपाय नव्हता असंही नाही. २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने अल्पमुदतीच्या भाड्यांवर मर्यादा घालायचा खास अधिकार एकट्या व्हेनिसच्या पालिकेला दिला. पुढची दोन वर्षं तरी तो कागदावरच राहिला. गेट मात्र लागलं. घरमालक मतदार असतो, बसने आलेलं पोरगं नसतं. हे गणित समजायला इटालियन यावं लागत नाही.

आता पोरांचंही थोडं. तिथले काही नियम मला पटतात. २०२४ च्या उन्हाळ्यापासून मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसच्या वर माणसं नकोत आणि भोंगा नको. बरोबरच आहे, त्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तरी अंग चोरावं लागतं. २०१९ मध्ये रियाल्टोच्या पायऱ्यांवर छोटा स्टोव्ह पेटवून कॉफी करणाऱ्या दोन जर्मन पर्यटकांना ९५० युरो दंड झाला आणि शहर सोडायला लावलं. आपल्या पोरांच्या पिशवीत मॅगी आणि इलेक्ट्रिक किटली असते, म्हणून मुद्दाम सांगतोय. पायऱ्यांवर डबा उघडू नका. सान मार्कोचा चौक बघून झाला की कान्नारेजोच्या बाजूला चालत जा, तिथं अजून दोरीवर कपडे वाळत असतात. कॉफी तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, उभ्यानेच प्या, बसलात तर बिल वाढतं.

आणि ज्यांची मुलं पुढच्या मोसमात जाणार आहेत त्यांनी एवढं कळवा. शुल्काच्या तारखा आधी बघायच्या, नोंदणी चार दिवस आधी करायची. मेस्त्रेत मुक्काम असेल तर शुल्क माफ, कारण ते त्याच पालिकेत येतं आणि मुक्कामाचा कर तिथं भरलेला असतो. पण माफ आहे म्हणून गप्प बसायचं नाही, ऑनलाइन नोंद करून क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवायचा. तपासनीस रेल्वे स्टेशनच्या बाहेरच उभे असतात आणि दंड ५० पासून ३०० युरोपर्यंत आहे.