गाण्यातली ‘ती’ आणि घरातली ‘ती’

‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ हा चित्रपट १९९४ साली आला. एका मुलीला पाहून काय वाटले हे सांगणारे त्यातले जावेद अख्तर यांचे गाणे घराघरांत गुणगुणले गेले. त्यातल्या साऱ्या उपमा मुलीसाठी आहेत. पाहणारा पुरुष आहे की स्त्री, हे शब्दांतून कळतच नाही. पडद्यावर नायक होता, म्हणून आपण खुशाल माना डोलावल्या. २०१९ साली त्याच ओळीचे नाव घेऊन दुसरा चित्रपट आला. त्यात मुलीवर जीव जडला होता तो मुलीचाच! मग मात्र आपल्या कपाळाला आठ्या पडल्या.

‘ही नवी थेरं’ असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या छत्रपती संभाजीनगरची आठवण करून देईन. वली आणि सिराज हे ‘औरंगाबादी’ शायर याच मातीतले. त्यांच्या हातून वाढलेल्या उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी संबोधण्याचा संकेत रुळला. त्याचे कुणाला वावडे वाटले नाही. विजापूरच्या हाशमीने सतराव्या शतकात स्त्रीच्या तोंडून गझल लिहिली. पुढे लखनौत रंगीन आणि इन्शा यांनी ‘रेख्ती’ रूढ केली. तिच्यात बायका बायकांवर जीव ओवाळून टाकतात. जुळा गर निघालेला बदाम दोघींनी वाटून खाल्ला, की त्या एकमेकींच्या ‘दोगाना’! लिहिणारे पुरुषच होते, सूर पुष्कळदा थट्टेचा होता, हे खरे. पण नंतरच्या सोवळ्या समीक्षकांनी ही कविता अश्लील ठरवून अडगळीत टाकली, हेही तितकेच खरे.

मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ आणून हा विषय उघड मांडला. आपली भावगीते मात्र ‘सखी’ या शब्दाच्या आडोशाला राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२३ साली विवाहाचा हक्क देण्यास मात्र नकार दिला. म्हणजे अशा दोघी आज गुन्हेगार नाहीत, पण कायद्याने एकमेकींच्या कुणी नाहीत. अशा वेळी त्यांना आधार उरतो तो घराचा. तेच घर घाईघाईने स्थळ पाहू लागले, तर कोर्टाचा निकाल काय कामाचा?

‘मला ती आवडते’ या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग दिसत नाही. भाषेने ही जागा केव्हाच मोकळी ठेवली आहे. उद्या लेकीने हे वाक्य उच्चारले, तर आपण ते शेवटपर्यंत ऐकून घेणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.