बागेंतील जोडतार व तिची चिप

जमिनीची ओल मोजणारे संवेदक व ते ज्यास जोडावयाचे तो पंपघरांतील नियंत्रक, हीं साधनें विकणारे लोक आतां ठिबकाच्या बागांतून पुष्कळ फिरूं लागले आहेत. त्यांच्या तोंडीं वेगाची व मोबाइलवरील रंगीत आलेखांची स्तुति असते. ज्या लहानशा चिपेवर सारें अवलंबून, तिचें नांव मात्र निघत नाहीं. आमच्या मतें बागाईतदारानें पहिली चौकशी तिचीच करावी.

ही चिप म्हणजे आरएस-४८५ पद्धतीचा ट्रान्सीव्हर, अर्थात् एकाच जोडतारेवरून संदेश धाडणारा व घेणाराही घटक. ही पद्धति अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशननें १९८३ सालीं ठरविली. तिचें मर्म असें कीं, संदेश कोणत्याहि एका तारेवर नसून पीळ दिलेल्या दोन तारांच्या दाबांतील फरकांत असतो. शेजारची मोटर सुरू झाली तर तिचा उपद्रव दोन्ही तारांस सारखाच होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखें वजन टाकलें असतां कांटा हालत नाहीं, तसाच हा प्रकार. घेणाऱ्या चिपेस ०.२ व्होल्टचा फरक पुरतो. पंपघर व दूरचा बांध ह्यांच्या जमिनींत विजेच्या पातळीचें अंतर पडलें, तरी उणें ७ पासून अधिक १२ व्होल्टपर्यंत तिचें काम चालतें. मंद गतीनें संदेश १२०० मीटर जातो. बहुतेकांची बाग त्यांत सहज मावते.

शेताच्या टोकास वीज नसते. लहान सौरपट्टी व बॅटरी ह्यांवर निभवावें लागतें. ७५१७६ ह्या जुन्या वळणाची चिप स्वस्थ बसली असतांहि सुमारें २५ मिलिअँपिअर प्रवाह खाते. मॅक्स-४८५ सारख्या अल्पवीज चिपेस सुमारें ०.३ मिलिअँपिअर पुरतो. दहा संवेदक धरले, तर एकीकडे २५० आणि दुसरीकडे ३ मिलिअँपिअर झाले. केवळ चिपांचाच हिशेब केला, तर ७ अँपिअर-तासांची बॅटरी पहिल्या बागेंत २८ तासांत रिकामी होईल. दुसरींत ती तीन महिन्यांहून अधिक पुरेल. श्रावणांत आठ आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

ह्यांत एक मेख आहे. तारेच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोध जोडण्याची चाल आहे. दीड व्होल्टचा संदेश जातांना त्या रोधांतूनच २५ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे चिपेनें वांचविलेलें तेवढा वेळ तारेंत जातें. जलद संदेशांस हे रोध अवश्य पाहिजेत. परंतु जमिनीची ओल क्षणाक्षणास थोडीच बदलते! सेकंदास ९६०० बिट ही गति ठेवून, संकेताची धार मुद्दाम मंद केलेली मॅक्स-४८३ सारखी चिप घेतली, तर दोनतीनशें मीटर तारेवर रोध गाळले तरी चालतें. टोकाकडून परतणारा प्रतिध्वनि संदेश वाचला जाण्यापूर्वींच विरून जातो. वेगाचे पैसे मोजण्याचें येथें कांहींच कारण नाहीं.

बिनतारी साधनें वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. दर हंगामास नांगर चालणाऱ्या शेतांत तींच बरीं. परंतु द्राक्ष-डाळिंबाच्या कायम बागेंत नळ्यांच्या चरांतूनच तार जाते. मात्र आकाशांतील विजेपुढें चिपेची सहनशक्ति कांहींच नव्हे. त्यासाठीं निराळें संरक्षक उपकरण बसवावें.

खरी अडवणूक होते ती पुढेंच. आरएस-४८५ हा विजेचा नियम आहे, भाषेचा नव्हे. भाषेसाठीं मॉडिकॉन कंपनीनें १९७९ सालीं काढलेली मॉडबस ही रीत आज सर्वांस खुली आहे. तीहि वापरली, तरी कोणत्या क्रमांकाच्या नोंदींत ओल व कोणत्या नोंदींत उष्णता, ह्याचें कोष्टक विक्रेत्यानें दडवून ठेवलें तर उपयोग काय? ऐन फुलोऱ्यांत एक संवेदक बिघडला, तर दुसऱ्या कोणाचा तेथें बसवितां येत नाहीं, आणि तो मागेल ती किंमत द्यावी लागते. तारा आपल्या, जमीन आपली, आणि किल्ली त्याच्या खिशांत! म्हणून चिपेचा क्रमांक, स्वस्थ असतां तिला लागणारा प्रवाह व नोंदींचें कोष्टक हीं तिन्ही पावतीबरोबर लेखी घ्यावीं, आणि तीं हातीं येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊं नये.