जपानीचे कूळ आणि जपानी बोलणे

भाषेचे कूळ कळले की भाषा कळली, हा समज तौलनिक भाषाशास्त्राच्या वैभवकाळापासून अभ्यासकांच्या मनात घर करून आहे. जपानीइतकी त्याची किंमत क्वचितच एखाद्या भाषेने मोजली असेल.

जपानीचे निर्विवाद नाते एकच, र्‍यूक्यू बेटांवरील भाषांशी. त्यापलीकडे सारा वादाचा प्रदेश आहे. सॅम्युएल मार्टिन यांनी 1966 मध्ये कोरियनशी नाते मांडले, रॉय अँड्र्यू मिलर यांनी 1971 मध्ये जपानीला अल्ताई कुळात बसवले; आणि एके काळी याच बाजूला असलेल्या अलेक्सांद्र वोविन यांनी 2010 मध्ये कोरियन-जपानी सगोत्रतेचा पुरावाच मोडीत काढला. भारतात मात्र या वादातले एकच मत कौतुकाने उचलले गेले : जपानी तमिळमधून आली, हे ओनो सुसुमु (1919–2008) यांचे.

ओनो हे प्राचीन जपानीचे मोठे अभ्यासक होते, यात शंका नाही. पण शेकडो शब्दजोड्या जमवणे म्हणजे सगोत्रता सिद्ध करणे नव्हे. ध्वनींची संगती नियमित असावी लागते. एका ध्वनीला सोयीनुसार अनेक प्रतिध्वनी चालवून घेतले की कोणतीही भाषा कोणत्याही भाषेची आप्त ठरते. शिवाय तुलना व्हावयाची ती मूळ द्राविडीच्या पुनर्रचित रूपांशी. एकट्या तमिळशी का? क्रियापद शेवटी, विशेषण नामाआधी, संबंधदर्शक शब्द नामानंतर, ही साम्ये पुरावा मानली तर तुर्कीबरोबर मराठीही जपानीची बहीण ठरेल. (या बहिणींची ताटातूट कोणत्या शतकात झाली, हे सांगायला अर्थात कोणी पुढे येणार नाही.)

भारताचा खरा ठसा जपानीवर आहे, पण तो रक्ताचा नाही, अध्ययनाचा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्यातून कानाक्षरांचा क्रम घडला : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मराठी वाचकाला ‘हा’ तेथे चुकीच्या जागी वाटेल. वस्तुतः ती पवर्गाची जागा आहे आणि ती बरोबरच आहे, कारण आजचा हा ‘ह’ प्राचीन काळी ‘प’ होता. वर्णमालेने जपून ठेवलेला हा पुरावा जपानीच्या इतिहासाबद्दल ठोस काही सांगतो. तिच्या कुळाबद्दल काहीच नाही.

कुळाच्या भ्रमाची खरी हानी होते ती बोलणे शिकताना. वाक्यरचना जुळते म्हणून मराठी माणसाला जपानी सोपी, असे आश्वासन सर्रास दिले जाते. वाक्य जुळते हे खरेच, आणि आरंभीचे काही महिने त्यावर निभावतातही. पण ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा, हा भेद मराठी जिभेला जड जातो. मराठीत इकाराचे ह्रस्वदीर्घत्व शुद्धलेखनात उरले आहे, उच्चारात ते अर्थ बदलत नाही. ‘हाशी’तला स्वर पहिल्या अक्षरावर उंच असेल तर टोकियोत जेवणाच्या काड्या, दुसऱ्यावर असेल तर पूल. मराठीत ‘देणे’ एकच. जपानीत मी दुसऱ्याला देतो ते ‘आगेरु’, दुसरा मला देतो ते ‘कुरेरु’. देणारे गुरुजन असतील तर ‘कुदासारु’, आणि घेणारे गुरुजन असतील तर ‘साशिआगेरु’. येथे व्याकरणाआधी वक्त्याला स्वतःची जागा ठरवावी लागते : आपल्यातला कोण, बाहेरचा कोण, थोर कोण. ती जागा कोणत्याही मूळभाषेच्या तक्त्यात लिहिलेली नसते.

याउलट, ही भाषा परक्याला अवगत होणेच शक्य नाही, असे सांगणारा अभिमानही जपानमध्ये बोकाळला. मिलर यांनीच 1982 मध्ये त्यावर एक अख्खे पुस्तक खर्ची घातले. नात्याचा आणि अनन्यतेचा, हे दोन्ही दावे एकाच मुशीतले आहेत. बोलणे हे कमावण्याचे काम आहे, वारशाचे नव्हे, हे दोघांनाही मान्य नाही.

ओनोंना मात्र ते ठाऊक असावे. 1999 साली त्यांनी जपानी भाषेची एक सरावपुस्तिका लिहिली आणि ती प्रचंड खपली. तीत शब्दांच्या अर्थच्छटा आहेत, ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरक आहे, आदरार्थी रूपे आहेत. आणि ती लिहिली होती जन्मापासून जपानी बोलणाऱ्यांसाठी.