आजींचा वर्ग

मुलांनो, शिकण्याला वयाचे बंधन नसते. ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या.

पण मला वाटते, आज्यांनी केवळ शिकू नये, एकमेकींना शिकवावेही. जात्यावर मराठीत ओवी झाली, दखनीत चक्कीनामा झाला. गिरणी आली, जाती थांबली. जी गाणी उरली, त्यांतली कितीतरी म्हाताऱ्या ओठांवरच. ती लिहून ठेवली नाहीत, तर आज्यांबरोबरच जातील.

आपल्या भोकरमध्येही दुपारी एखाद्या ओट्यावर आजी आणि दादी एकत्र बसल्या, तर एक गाईल, दुसरी शिकेल. त्यांना गुरुजी नको. लिहून घेणारा हवा. तुम्हांला उर्दू व मराठी दोन्ही लिपी येतात. मग वही कोण उघडणार?