खिजरी तलावाचे पाहुणे

एखाद्या तलावाच्या सुशोभीकरणाची नुसती चर्चा निघाली तरी मला धडकी भरते. कामांची यादी आता पाठ झाली आहे: काठाला दगडी भिंत, पेव्हर ब्लॉकची वाट, विकतची हिरवळ, रंगीत दिवे, कारंजे आणि जमलेच तर गाणी लावणारे स्पीकर. या यादीत पक्षी नसतात. असलेच तर सिमेंटचे.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सलीम अली सरोवराबद्दल मी बोलतो आहे. दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेसमोर ते आहे. मोगल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. नावे बदलण्यावरून आपल्याकडे केवढे रण माजते, पण इथली दोन्ही नावे मला सारखीच प्रिय आहेत. हजरत खिज्र ओसाड जमिनीवर बसले आणि ती हिरवीगार झाली, असे हदीसमध्ये आले आहे. आणि १८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिचे नाव विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. पुढचे सगळे आयुष्य त्या चिमणीच्या मागे गेले म्हणा ना.

थंडीच्या दिवसांत फजरनंतर मी तिकडे जातो आणि जाळीच्या कुंपणापाशी थांबतो. पाण्यावर वाफ असते. थापट्या बदके चोच पाण्यात बुडवून एकमेकांमागे गोल फिरत राहतात. त्यांच्या फावड्यासारख्या चोचीला आतून कंगव्यासारखे दाते असतात. पाणी बाहेर जाते, खाणे आत राहते. पाणकणसाच्या गर्दीतून जांभळी पाणकोंबडी लांब बोटे टाकत निघते आणि माणसाची चाहूल लागली की परत आत. काठच्या चिखलात धोबी शेपटी वरखाली करत किडे टिपतो. अर्धा तास उभे राहिले तरी फारसे काही घडत नाही. मला तेच हवे असते.

आता पाहा: चिखल, पाणकणीस, कुजका पाला, उथळ पाणी. ज्यावर हे सगळे जगतात तेच आपल्या नजरेत घाण आहे. खरी घाण वेगळी. नाल्याचे सांडपाणी ही घाण, आणि त्यावर पोसलेली जलपर्णीही काढलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मशीन आले की जलपर्णीबरोबर पाणकणीसही उपटले जाते आणि सांडपाणी मात्र येतच राहते. सांडपाणी शुद्ध करण्याचे काम जमिनीखालचे, खर्चाचे. त्याची फीत कोण कापणार? कारंज्याची कापता येते.

हाच हिशेब घरोघरी चालतो. आमच्या घरामागे खोलीएवढी परसबाग आहे: एक पेरू, एक शेवगा, कडेला मेंदी, तारेवर वालाचा वेल. वजूचे पाणी पेरूला जाते. हिवाळ्यात शेवगा फुलला की शिंजीर सकाळपासून त्यावर लटकलेले. आणि पेरूखालच्या पाल्याच्या ढिगावर थिरथिरा येतो, चिमणीएवढा, काळा, तांबूस पोटाचा. बसला की शेपटी थरथरते, म्हणून हे नाव. हिमालय-तिबेटकडून येऊन तो आमच्या ढिगातले किडे खातो. नातेवाईक दरवर्षी सांगतात, फरशी टाका, धुवायला सोपी. शेजारी पाला जाळतात. थंड हवेत धूर वर चढत नाही, गल्लीभर रेंगाळतो. अम्मीचे म्हणणे एवढेच, ‘पाहुणा जेवतोय, त्याचं ताट कशाला उचलता?’

मला अम्मीचा मुद्दा महापालिकेपर्यंत न्यायचा आहे. बाग करू नका असे मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांना बसायला बाक हवेत, पोरांना खेळायला जागा हवी. पण ती एका बाजूला असू द्या. आधी नाल्याचे पाणी रोखा. ऑक्टोबर ते मार्च पाण्यावर दिवे नकोत, स्पीकर नकोत. आणि एक काठ तरी तसाच सोडा, भिंतीशिवाय, चिखलासकट. पाणकणीस तिथे आपोआप उगवते, त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.