आखाजीची सुटी कोणाच्या हिशेबी?

चैत्र सरत आला की पारोळ्याच्या आसपासची शिवारे मोकळी होतात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, गहू-हरभरा घरात येऊन पडलेला असतो, आणि नांगरट सोडली तर मृगापर्यंत कोरडवाहू शेतात फारसे काम उरत नाही. नेमक्या या फटीत वैशाख शुद्ध तृतीया येते. उर्वरित महाराष्ट्राला ती अक्षय्य तृतीया म्हणून आणि अलीकडे सराफांच्या जाहिरातींमुळे सोनेखरेदीचा दिवस म्हणून ठाऊक आहे. खानदेशात ती आखाजी. या सणाला येथे दिवाळीच्या तोडीचा मान आहे. त्याचे कारण धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा शेतीच्या वेळापत्रकात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

सणाचा थाट साधाच असतो. मातीची लाल घागर पाण्याने भरून पितरांच्या नावे मांडायची, तिच्यावर आंबा किंवा डांगर ठेवायचे, चुलीत आगारी टाकायची, आणि मग खापरावरच्या पुरणपोळ्या व आमरस. ही पोळी पोळपाटावर लाटून संपत नाही. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवितात आणि पालथ्या, तापल्या खापरावर अलगद टाकतात. दारातल्या निंबाला झोका बांधलेला असतो. शाळा सुटलेली पोरे दुपारच्या उन्हात घरात डांबली जातात आणि तिसऱ्या प्रहरी त्याच झोक्यासाठी भांडतात. खापर आणि घागर कुंभाराकडची, डाळ-गहू घरचा किंवा मजुरीतून आलेला, आंबा बाजारचा. ज्या सणाला विकत घेण्यासारखे इतके थोडे लागते, तो व्यापाऱ्यांना सोन्याचा सण करून घ्यावासा वाटला यात नवल नाही.

परंतु या सणाचा खरा पदार्थ पुरणपोळी नव्हे. तो म्हणजे फुरसत. सासरी नांदणाऱ्या मुलीला आणण्यासाठी भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, आणि त्या दिवशी तिला अडवून ठेवणे हे सासरलाही लाजिरवाणे वाटते. वर्षभर जिला पाण्याला, सरपणाला आणि निंदणीला सुटका नाही, तिला हक्काने मागता येणारी ही रजा होय. झोक्यावर बसून ती अहिराणी गाण्यांतून सासूचा, नणंदेचा आणि नवऱ्याचाही जो उद्धार करते, त्याला कोणी हरकत घेत नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता रचावी, हे स्वाभाविकच होते. त्या 1951 मध्ये निवर्तल्या आणि त्यांची गाणी 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. माहेरच्या चार दिवसांची किंमत किती असते, हे त्या पुस्तकाने शहरातल्या वाचकांना सांगितले.

याच दिवशी गावात आणखी एक व्यवहार होतो, त्याची गाणी नाहीत. आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. काही पोती धान्य, काही रोख रक्कम आणि वर्षभर बैलांच्या वैरणपाण्यापासून रात्रीच्या राखणीपर्यंत सर्व कामे, असा हा तोंडी करार. आजारपणात वा लग्नकार्यात पडलेले खाडे एक तर मजुरीतून कापले जातात किंवा साल संपल्यावर भरून द्यावे लागतात. मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल फिटली नसेल तर मालक बदलण्याची मोकळीकही उरत नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या भाषेत अशा सक्तीला काय म्हणतात हे वेगळे सांगावयास नको. दोन सालांच्या सांध्यावरचा हा एक दिवस सालदार स्वतःचा असतो. म्हणजे घरातली लेक आणि शेतातला सालदार या दोघांची रजा पंचांगाने एकाच तिथीवर आणून ठेवली आहे.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी दयेने दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ती मागणी लावून धरली, तेव्हा कोठे जून 1890 मध्ये ती पदरात पडली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा कामगाराला दिली. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरीही आली, सात दिवसांतून एक विश्रांतीचा दिवस ठरविण्याची तरतूदही त्यात होती. परंतु ती बांधापर्यंत पोहोचली नाही. शेतमजुराला रजा मिळाली ती रूढीकडून. आणि रूढीची रजा मालकाच्या मर्जीवर व हंगामाच्या कृपेवर चालते. जे कुटुंब वीटभट्टीवर गेले आहे, त्याची भट्टी पावसाळ्यापर्यंत पेटती राहते. त्याच्या आखाजीला ना निंब, ना झोका.

येथे पुरोगामी वाचकाच्या मनात शंका येईल की, सरंजामी सणाचे हे कौतुक कशासाठी? शंका रास्त आहे. याच मुहूर्तावर बालविवाह उरकले जातात. याच दिवसांत पुरुष पारावर पत्त्यांचा डाव मांडतात आणि सालाची उचल तीन दिवसांत उडवितात. आणि लेकीची रजा तरी कोणाच्या श्रमांवर उभी असते? खापरापुढे वैशाखाच्या दुपारी तिची आई बसलेली असते. वहिनी आपल्या माहेरी गेली असेल तर एकटीच. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे, असे आढळले. सणाच्या दिवशी ही तफावत कमी होत नाही, वाढते. खापरावर पोळी टाकणे हे पुरुषाच्या मनगटाला न पेलणारे काम आहे, असे कोणत्याही शरीरशास्त्राने सांगितलेले नाही.

तरीही सणातले दोष दाखवून फुरसतच काढून घेणे हा न्याय होणार नाही. ती काढून घेण्याचे काम दुसरीकडून चालूच आहे. 2025 मध्ये राज्यातील पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबविल्या गेल्या. त्या वर्षी आखाजी 30 एप्रिलला होती, म्हणून निभावले. परंतु 2023 मध्ये ती 22 एप्रिलला आणि 2026 मध्ये 19 एप्रिलला आली. पुण्यात आखलेले असले वेळापत्रक अशा वर्षी लागू झाले, तर माहेरी जाणाऱ्या आईचे पाऊल मुलाच्या पेपरापाशी अडते. खानदेशात त्या सुमारास पारा चाळिशीच्या वर असतो, ही बाब तर निराळीच. मुले मार्चअखेर मोकळी झाली, तर त्यांच्या बुद्धीचे काही नुकसान होईल असे दिसत नाही. शहरी पालक त्या सुटीत पोरांना उन्हाळी वर्गांत कोंबतात, तो प्रश्न त्यांचा. पारोळ्याच्या पोराला झोका पुरतो.

परीक्षा आखाजीआधी संपाव्यात, ही मागणी शिक्षकांच्या संघटना सहज करू शकतील. सालदाराच्या रजेचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्याला संघटना नाही आणि त्याचा करार कागदावर नाही. निदान साल ठरताना महिन्याचे चार दिवस खाडा न धरता सुटीचे, एवढे वाक्य चार माणसांसमक्ष बोलले जावे आणि उचलीच्या आकड्याशेजारी लिहिले जावे. 1 मे रोजी महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत ग्रामसभा भरते. त्या दिवशी झेंडावंदन होते, कामगार दिनाचा उल्लेख होतो, आणि गावातले सालदार तेव्हा मालकाच्या गोठ्यात शेण काढत असतात. 2025 मध्ये आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी ती सभा होती. नवी साले आदल्या दिवशीच ठरली होती.